हात कोणाचा?

मनुष्य लांबी मोजण्याची साधने आपल्या देहाबरोबरच घेऊन जन्मास येतो. बोटाची रुंदी म्हणजे अंगुळ. पंजा ताणला असता अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत होणारे अंतर म्हणजे वीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे हात. दोन्ही बाहू आडवे पसरले की वाव होते. आणि एक हात उंच करून उभे राहिले की जी उंची भरते तिला पुरुष किंवा परस म्हणतात. वस्त्र हातांनी, दोर वावांनी आणि विहीर पुरुषांनी मोजण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे.

या मापांचा परस्परांशी मेळ बसतो. १२ अंगुळांची एक वीत, २ वितींचा एक हात, ४ हातांची एक वाव आणि सुमारे ५ हातांचा एक पुरुष. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’ या ग्रंथातही असेच कोष्टक आहे. त्यात २४ अंगुळांचा हात, ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश आणि ४ क्रोशांचे योजन सांगितले आहे. क्रोश म्हणजेच आपला कोस.

कोष्टक पाठ असले की एका मापातून दुसऱ्या मापात जाणे सोपे वाटते. परंतु व्यवहारात एक अडचण उभी राहते. ती समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात रोहिणखेड हे जुने गाव आहे. १४३७ व १५९० या साली तेथे लढाया झाल्या, इतके ते इतिहासात प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एका शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी ६ पुरुष खोल आहे. पाणी शेंदण्यासाठी किती लांब दोर हवा? ६ पुरुष म्हणजे ३० हात, आणि ३० हात म्हणजे साडेसात वावा. हिशेब बिनचूक झाला.

आता शेतकरी उंच असून त्याचा हात २० इंचांचा आहे. त्याने दगड बांधलेली सुतळी विहिरीत सोडून ती आपल्या हाताने मोजली आणि ३० हात ही खूण मनाशी ठेवली. बाजारातील विक्रेता ठेंगणा. त्याचा हात १७ इंचांचा. त्याने प्रामाणिकपणे ३० हात दोर मोजून दिला. शेतकऱ्याला हवा होता ६०० इंच, मिळाला ५१० इंच. पोहरा पाण्याच्या वर साडेसात फूट लोंबकळत राहिला! कोणी लबाडी केली नाही, कोणाचे गणित चुकले नाही. फक्त ‘हात कोणाचा?’ हे विचारावयाचे राहून गेले. विहीर आणि दोर ही दोन्ही एकाच माणसाने मोजली असती, तर मुळीच फरक पडला नसता. एकाचे माप दुसऱ्याच्या हाती गेले, म्हणजे प्रमाणाची गरज भासू लागते.

जमिनीच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बिकट होता, कारण सारा जमिनीच्या मापावर ठरत असे. काठी आखूड केली, तर त्याच शेताचे बिघे कागदावर वाढतात. काठी केवळ एक दशांशाने आखूड झाली, तरी १०० बिघ्यांचे शेत १२३ बिघ्यांहून अधिक भरते, आणि तेवढा सारा शेतकऱ्याच्या माथी बसतो. म्हणून शहाण्या राज्यकर्त्यांनी माप ठरवून दिले. अकबराने ४१ अंगुळांचा इलाही गज चालू केला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्यात जमीन मोजण्यासाठी पाच हात व पाच मुठी लांबीची काठी ठरविली होती. अशा वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जागेचा एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर होत असे.

इंग्रजी अमदानीत फूट व इंच ही मापे आली आणि हात १८ इंचांचा धरण्यात आला. जमीन मोजण्यासाठी ३३ फूट लांबीची साखळी वापरात आली. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. हे शब्द आजही शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. पुढे स्वतंत्र भारताने १९५६ साली कायदा करून मीटरपद्धती स्वीकारली. एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. म्हणून १८ इंचांचा हात ४५.७२ सेंटिमीटरांचा होतो, आणि ३० हातांचा दोर सुमारे १३.७ मीटर भरतो. हा दोर कोणत्याही दुकानात, कोणाच्याही हाताने मोजला, तरी तेवढाच भरेल.

कोसाचे रूपांतर करताना मात्र अधिक जपावे लागते. कोष्टकाप्रमाणे कोस ८००० हातांचा. १८ इंचांच्या हाताने तो सुमारे ३.६६ किलोमीटर होतो. व्यवहारात मात्र कोस सुमारे दोन मैलांचा, म्हणजे ३.२ किलोमीटरांचा धरीत. जुन्या कागदात ‘दहा कोस’ असे लिहिलेले आढळले, तर या दोन हिशेबांत साडेचार किलोमीटरांचे अंतर पडते. तेव्हा असे आकडे वाचताना ‘सुमारे’ हा शब्द विसरू नये.

जुनी मापे निरुपयोगी झाली असे मात्र नव्हे. ‘वीतभर पोट’ आणि ‘हातभर काकडी’ ही भाषेतून जाणार नाहीत. शिवाय ज्याने आपली वीत एकदा मोजपट्टीवर ठेवून तिचे सेंटिमीटर लक्षात ठेवले, त्याच्या जवळ मोजपट्टी नसली तरी अडत नाही. बाकाची लांबी, दाराची रुंदी, रोपाची उंची तो जागच्या जागी अजमावू शकतो. मात्र देण्याघेण्याचा प्रसंग आला, की वीत बाजूस ठेवून मोजपट्टीच हाती घ्यावी.