एका सेकंदाची किंमत

‘एचपी’ हा शब्द आपल्या घरात येतो तो पाण्याच्या मोटारीबरोबर. अर्ध्या एचपीची पुरेल की एकची घ्यावी, यावर दुकानदार एक सांगतो, प्लंबर दुसरं. टाकी किती उंच, पाणी किती हवं, हे मांडलं तर उत्तर आपल्यालाही काढता येतं. अमेरिकेत हौशी मंडळी असाच हिशेब गाडीच्या शर्यतीसाठी मांडतात.

या शर्यतीला ड्रॅग रेसिंग म्हणतात. पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुसाट! दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण मुलं जुन्या गाड्या खटपटी करून रस्त्यावरच पळवायची. हे रस्त्यावरून उठवून पट्ट्यावर न्यावं, म्हणून वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. गावच्या बायपासवर रात्री काय चालतं हे ज्या आयांना ठाऊक आहे, त्यांना यामागची कळकळ वेगळी सांगायला नको.

तर हिशेब असा. जितक्या सेकंदांत पट्टा पार करायचा, त्याला ७.५८ ने भागा. आलेल्या आकड्याचा घन करा, म्हणजे तो आकडा तीनदा घेऊन गुणा. आता चालकासकट गाडीचं किलोतलं वजन या उत्तराने भागलं, की लागणारे एचपी मिळतात. अंदाजच हा, पण कामाचा.

गाडी चालकासकट १५०० किलोची धरू. १४ सेकंदांना लागतात साधारण २४० एचपी. १३ ला ३००, १२ ला ३८० आणि ११ ला ४९०! बघा, पहिला सेकंद ६० एचपीत मिळाला, दुसऱ्याला ८० लागले, तिसऱ्याला ११०. प्रत्येक पुढचा सेकंद आधीच्यापेक्षा महाग. आणि इंजिनाची ताकद वाढली की क्लच, गिअर, मागचा अ‍ॅक्सल, सगळ्यांनाच ती पेलावी लागते. त्यांचा खर्च वेगळाच. लग्नात हॉल ठरला की बाकीचं आपोआप वाढत जातं ना, तसंच.

म्हणून हात आखडता असणारे आधी वजनाकडे बघतात. मागची सीट काढ, स्टेपनी काढ. १२ सेकंदांच्या गाडीतून १०० किलो उतरवले, तर तो वेळ २५ एचपी कमी असूनही गाठता येतो, तोही जवळपास फुकटात. दुसरी गोष्ट टायरची. सुरुवातीला चाकं जागीच फिरली, तर कितीही एचपी असोत, धूर तेवढा निघतो! पण एक खर्च मात्र चुकवू नये. त्या संस्थेच्या नियमांप्रमाणे १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आला की हेल्मेट सक्तीचं. साडेअकराच्या आत आलात, तर बहुतेक गाड्यांना डोक्यावर लोखंडी रोल-बारही लागतो.

मला सगळ्यात आवडला तो ब्रॅकेट रेसिंगचा प्रकार. आपली गाडी किती सेकंद घेईल हे चालकाने आधीच सांगायचं. हळू गाडीला तेवढी आघाडी मिळते. सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात, तर सहसा तुम्ही बाद! म्हणजे जुनी, स्वस्त गाडीही जिंकू शकते, ती आणि तिचा चालक भरवशाचे हवेत इतकंच.

बायका यात मागे नाहीत हं. शर्ली मल्डाउनी यांनी टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान गटाचं विजेतेपद १९७७, १९८० आणि १९८२ असं तीनदा मिळवलं, तेही पुरुषांशी टक्कर देऊन. मोटरसायकलच्या गटात २००० पासून सलग तीन वर्षं जिंकणारी अँजेल सँपी पेशाने नर्स होती.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. पण तालुक्याच्या गावातल्या पोराला ती काय जवळ आहे? त्याला दिसतो तो बायपासच. तिथे शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, की पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा आकडा सांगितला, तेव्हा दोघी-तिघींनी घरी जाऊन आधी गाडीच्या किल्ल्या कपाटात टाकल्या.