बिऱ्हाड हलविण्यापूर्वी
सामान वाहतूकदाराची निवड, फसवणुकीचे प्रकार आणि कायद्याचे संरक्षण

शासकीय सेवेत बदली आणि बिऱ्हाड यांची जोडी अतूट आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करावयाच्या असतात. रत्नागिरी जिल्ह्यात नेमक्या याच दोन महिन्यांत हापूस आंब्याचा हंगाम ऐन भरात असतो. स्थानिक ट्रक आणि टेम्पो आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजाराकडे धावत असतात. पाठोपाठ जून महिना उजाडतो. पाऊस सुरू होतो आणि मुलांच्या शाळाही. आदेश हाती पडल्यापासून पहिली मोठी सर कोसळेपर्यंतच्या थोड्या दिवसांत संसार हलवावयाचा, आणि ओळखीचे वाहन मात्र मिळत नाही, अशा कोंडीत कर्मचारी सापडतो. मुंबईतील नोकरी संपवून गावच्या घरी परतणाऱ्या चाकरमान्यांची स्थितीही फारशी वेगळी नसते.

ही घाई म्हणजेच फसवणूक करणाऱ्यांचे भांडवल होय. दूरध्वनीवर मिळालेला एखादा क्रमांक, त्यावरील गोड आश्वासन आणि इतरांपेक्षा निम्मा दर यांवर विसंबून अनेक कुटुंबे आपली वर्षानुवर्षांची चीजवस्तू अनोळखी माणसांच्या स्वाधीन करतात. त्यात फणसाच्या लाकडाचे कपाट असते, पितळेची भांडी असतात, मुलांची पुस्तके असतात. बाजारभावाने त्यांची किंमत कदाचित फार होणार नाही. परंतु ती गेली तर पुन्हा मिळत नाहीत.

फसवणूक कशी होते?

या व्यवहारातील फसवणुकीचा साचा बहुधा ठरलेला असतो. प्रथम सामान न पाहताच अत्यंत कमी दर सांगितला जातो आणि काही रक्कम आगाऊ घेतली जाते. ठरलेल्या दिवशी येणारे वाहन ज्याच्याशी बोलणे झाले त्याचे नसते. मधला दलाल ते काम दुसऱ्याकडे सोपवून मोकळा झालेला असतो. सामान वाहनात चढले, ताडपत्री बांधली गेली, की भाषा बदलते. ‘सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघाले’, ‘मजुरी वेगळी’, ‘वाटेत कर भरावा लागेल’ अशी कारणे पुढे येतात आणि मूळ रकमेच्या दुप्पट-तिप्पट मागणी होते. पैसे न दिल्यास सामान उतरविले जात नाही, किंवा ते कोणत्या गुदामात आहे हेच सांगितले जात नाही. काही प्रकरणांत तर आगाऊ रक्कम घेतल्यानंतर वाहन येतच नाही.

या साऱ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. सामान उंबरठ्याच्या आत असेपर्यंत गृहस्थाचा शब्द चालतो. ते वाहनात चढल्यानंतर वाहतूकदाराचा. म्हणून जे काही ठरवावयाचे, तपासावयाचे आणि लिहून घ्यावयाचे, ते सामान उचलण्यापूर्वीच झाले पाहिजे.

नावाची भूल

प्रसिद्ध नावाशी मिळतेजुळते नाव धारण करणे हा या व्यवसायातील जुना मार्ग आहे. ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावाने व्यवसाय करणाऱ्या डी. आर. एस. लॉजिस्टिक्स या कंपनीने गूगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. आपले नाव शोधणाऱ्या ग्राहकाला इतरांच्या जाहिराती दाखविल्या जातात, अशी तिची तक्रार होती. नोंदणीकृत व्यापारचिन्ह जाहिरातीसाठी सूचक शब्द म्हणून वापरणे हा त्या चिन्हाचा वापर ठरतो. असा प्रत्येक वापर बेकायदेशीर नसला, तरी त्यातून ग्राहकाची दिशाभूल होत असल्यास जाहिरात दाखविणाऱ्या माध्यमालाही जबाबदारी झटकता येणार नाही, असे खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजीच्या निर्णयात म्हटले. सामान्य ग्राहकाने यातून एवढा बोध घ्यावा की, शोधयादीत अग्रभागी दिसणारे नाव हे विश्वासार्हतेचे प्रमाणपत्र नव्हे. ती पैसे देऊन मिळविलेली जागा असू शकते.

खात्री करण्याचे साधे मार्ग उपलब्ध आहेत. वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी २७) आणि पुढील दहा अंकाक्षरे व्यावसायिकाच्या पॅन क्रमांकाची असतात. कर विभागाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घातल्यास व्यवसायाचे कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे विनामूल्य कळते. दरपत्रकावरील नाव, कर नोंदणीतील नाव आणि ज्या खात्यात आगाऊ रक्कम मागितली जाते त्या खात्याचे नाव ही तिन्ही जुळली पाहिजेत. ‘बँक संघाची मान्यता’ असा शिक्काही पुष्कळदा दाखविला जातो. भारतीय बँक संघ (आयबीए) वाहतूकदारांची शिफारस आपल्या सदस्य बँकांना करीत असतो, हे खरे. परंतु शिक्का छापणे सोपे असल्याने संघाच्या यादीत नाव पाहिल्याविना त्यावर विश्वास ठेवू नये.

कायदा काय सांगतो?

या क्षेत्रात १८६५ चा वाहक अधिनियम दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा २००७ च्या रस्तामार्गे माल वाहतूक अधिनियमाने घेतली असून तो १ मार्च २०११ पासून अंमलात आला आहे. त्यानुसार भाड्याने सर्वांचा माल वाहून नेणाऱ्यास नोंदणी बंधनकारक आहे. माल गोळा करणारे, साठविणारे, त्याची नोंद घेणाऱ्या कंपन्या, अभिकर्ते आणि दलाल यांचाही या व्याख्येत समावेश होतो. ‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत’ ही सबब त्यामुळे टिकणारी नाही. वाहतूकदाराच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागण्यास संकोच करू नये.

या अधिनियमातील तीन तरतुदी प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, सामान हरवले किंवा मोडले तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर नसतो. जुन्या कायद्यातील अशीच तरतूद ग्राहक मंचापुढील तक्रारींनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले. ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे पावतीवर छापल्याने वाहतूकदार आपल्या निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सुटत नाही, हेही न्यायालयाने त्याच वर्षी सांगितले.

दुसरी तरतूद भरपाईच्या मर्यादेची आहे. अधिक जोखमीचा वाढीव दर लेखी मान्य केलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि घोषित किमतीच्या आत मर्यादित राहते. उदाहरणार्थ, भाडे १२,००० रुपये असेल तर ही मर्यादा १,२०,००० रुपये होईल. सामान तीन लाखांचे असले तरी फरक पडत नाही. त्यातच किंमत कमी दाखविली असेल तर भरपाई आणखी घटते. म्हणून मालाची खरी किंमत लिहिणे हिताचे असते.

तिसरी तरतूद मुदतीची आहे. नुकसानभरपाईसाठी कार्यवाही करण्यापूर्वी, माल नोंदविल्याच्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदारास लेखी सूचना द्यावी लागते. तोंडी तक्रारी आणि दूरध्वनीवरील आश्वासने यांत हे दिवस निघून जातात.

सामान उचलण्यापूर्वी

किमान दोन-तीन वाहतूकदारांना घरी बोलावून सामान दाखवावे आणि लेखी दर घ्यावा. सामान न पाहता सांगितलेला दर हा दर नव्हेच. दरपत्रकात बांधणी, चढ-उतार, पथकर आणि कर यांचा समावेश आहे काय, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

कोकणात एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अनेक घरे रस्त्यापासून दूर, वाडीत, जांभ्या दगडाच्या पाखाडीने उतरून जावे अशा ठिकाणी असतात. मोठा ट्रक हमरस्त्यावरच थांबतो आणि तेथून घरापर्यंतच्या मजुरीवरून वाद उद्भवतो. वाहन कोठपर्यंत येईल, तेथून घर किती अंतरावर आहे आणि किती पायऱ्या आहेत, याची नोंद करारातच असावी. आंबा घाट अथवा कुंभार्ली घाट ओलांडून देशावर जाणारे सामान पावसाळ्याच्या तोंडावर निघणार असेल, तर बंदिस्त वाहनाचा किंवा पुरेशा ताडपत्रीचा उल्लेखही करून घ्यावा.

प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यावा, यादी दोन प्रतींत करावी आणि दोन्हींवर वाहतूकदाराची सही घ्यावी. मौल्यवान वस्तूंची छायाचित्रे दिनांकासह काढून ठेवावीत. वाहन निघताना त्याचा क्रमांक व चालकाचा परवाना पहावा. वाहनाची नोंदणी ‘एमपरिवहन’ या शासकीय उपयोजनावर तपासता येते. मालाची पावती हाती आल्याशिवाय वाहन सोडू नये. मोठी रक्कम आगाऊ देऊ नये; काही रक्कम सामान उतरवून यादीशी पडताळल्यानंतर देण्याचे ठरवावे. दागिने, शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि सेवाविषयक कागदपत्रे नेहमी स्वतःजवळ ठेवावीत. भरलेला गॅस सिलिंडर सामानात देऊ नये.

विम्याच्या नावाखालीही शेकडा काही रक्कम घेतली जाते. विमा हा विमा कंपनीच देऊ शकते. तिचे नाव आणि क्रमांक असलेले विमापत्र मिळाले नाही, तर ती रक्कम विम्याची नव्हे असे समजावे. तसेच बदली प्रवासभत्त्याच्या देयकासाठी वाढीव रकमेची पावती देण्याची तयारी दाखविणाऱ्यापासून दूर रहावे. असा कागद शासनाची फसवणूक करतो. शिवाय जो आपल्यासाठी खोटा कागद करतो, तो आपल्याविरुद्धही करू शकतो.

अवास्तव मागणी आणि अडवणूक

वाटेत मागितल्या जाणाऱ्या पैशांची कारणे अनेकदा निराधार असतात. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी संपुष्टात आली. वापरलेल्या घरगुती व वैयक्तिक सामानासाठी ई-वे बिलाची आवश्यकता नाही. या दोन गोष्टी माहीत असल्या, तरी पुष्कळ मागण्या जागीच परतविता येतात.

तरीही सामान अडवून ठेवले गेल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मागावी. वाहतूकदार म्हणून सोपविलेल्या मालाचा अपहार हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली सात वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. गुन्हा अन्यत्र घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदविता येते. आगाऊ रक्कम ऑनलाइन लुबाडली गेली असेल, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

सेवेतील त्रुटीबद्दल राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर प्रथम तक्रार करता येते. समाधान न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने दिलेली एक सवलत बदली झालेल्यांस विशेष उपयुक्त आहे. तक्रारदार जेथे राहतो अथवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. म्हणजेच नागपूरहून रत्नागिरीत आलेल्या शिक्षकाला दाद मागण्यासाठी पुन्हा नागपूर गाठावे लागत नाही. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. करार, यादी, पावती, छायाचित्रे आणि रक्कम दिल्याची नोंद एवढे जवळ असले, की तक्रार उभी राहते.

सामूहिक अनुभवाचे मोल

बदली होऊन जाणारा कर्मचारी आपला बरावाईट अनुभव सोबत घेऊन जातो आणि त्याच्या जागी येणारा पुन्हा अंधारात चाचपडतो. हा अनुभव कार्यालयातच राहिला पाहिजे. पंचायत समिती, शाळा अथवा तहसील कार्यालयात एक साधी नोंदवही ठेवली, तीत वाहतूकदाराचे नाव, नोंदणी क्रमांक, ठरलेला व प्रत्यक्ष दिलेला दर आणि सामान सुस्थितीत पोहोचले काय एवढेच लिहिले, तरी पुढच्या मे महिन्यात येणाऱ्या कुटुंबांस ती मोठी आधार ठरेल. ग्रामपंचायतींनाही आपल्या फलकावर १९१५, १९३० आणि ११२ हे तीन क्रमांक लावता येतील. त्यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही.

प्रामाणिक वाहतूकदारांची संख्या मोठी आहे आणि लेखी व्यवहाराने त्यांचेही संरक्षण होते. वाजवी दर सांगणारा, सामान पाहण्यास येणारा आणि कागदावर सही करण्यास न कचरणारा व्यावसायिक थोडा महाग वाटला, तरी अखेरीस तोच स्वस्त पडतो.