टोरांटोचं पत्र : आधी रॅम्प

संपादक आणि खंडाळ्याच्या वाचकांना,


इथल्या बसचं आधी सांगते. थांब्यावर व्हीलचेअरवरचा प्रवासी दिसला की बस त्या बाजूला झुकते आणि दारातून रॅम्प उलगडतो. तो आत येऊन चाकं लॉक करेपर्यंत ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आपल्या एसटीच्या उंच पायऱ्या आठवून मला दर वेळी गलबलून येतं.

अशा या देशातला एक कायदा मात्र माझ्या पचनी पडत नाही. कॅनडात 2016 पासून असाध्य आजारात डॉक्टरांच्या मदतीने मरण मागता येतं. आधी अट होती की नैसर्गिक मृत्यू जवळ आलेला असावा. 2019 मध्ये क्वेबेकच्या कोर्टाने जाँ त्रुशाँच्या खटल्यात ती अट घटनाबाह्य ठरवली आणि मार्च 2021 मध्ये संसदेने कायदा बदलला. मृत्यू जवळ नसला तरी गंभीर अपंगत्वामुळे असह्य यातना होत असतील, तर किमान 90 दिवसांच्या तपासणीनंतर परवानगी मिळू शकते. 2023 मध्ये अशा मदतीने 15,343 माणसं गेली, त्यांतली 622 या दुसऱ्या वाटेने. या 622 पैकी जवळजवळ निम्म्यांच्या यातनांमध्ये एकटेपणाची नोंद आहे.

त्रुशाँला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. चालणारा एकच हात, तोही 2012 मध्ये गेला आणि त्याला देखभाल करणाऱ्या संस्थेत राहावं लागलं. स्वतःच्या देहाचा निर्णय स्वतः घ्यायचा, हे त्याचं म्हणणं मी हलकं मानत नाही. पण त्याच्यासारख्याला घरी पुरेसा मदतनीस मिळाला तर तो काय मागेल, हा इथल्या अपंग संघटनांचा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

क्रिस्टीन गोथिए ही निवृत्त सैनिक, पॅरालिम्पिकची खेळाडू. घरात व्हीलचेअरसाठी लिफ्ट हवी म्हणून ती वर्षानुवर्षं झगडत होती. सरकारी कर्मचाऱ्याने आपल्यापुढे मरणाचा पर्याय ठेवला, असं तिने डिसेंबर 2022 मध्ये संसदेच्या समितीसमोर सांगितलं. लिफ्ट मिळेना, मरणाचं मात्र विचारलं गेलं! पैशांचंही तसंच: इथल्या ओंटारिओ प्रांतात एकट्या अपंगाला महिन्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीत टोरांटोतल्या छोट्या फ्लॅटचं भाडंही भागत नाही. मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने मृत्यू जवळ नसलेल्यांसाठीची ही दुसरी वाट बंद करा, असं कॅनडाला सांगितलं. निव्वळ मानसिक आजारासाठी ती खुली करणं संसदेने मार्च 2027 पर्यंत पुढे ढकललं आहे.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण मरणाचा विचार आहेच. खंबाटकी घाटाच्या वळणावर पाठीचा कणा मोडतो, शिरवळच्या कारखान्यात प्रेसखाली हात जातो. पहिले काही दिवस माणसांची रीघ लागते, नंतर खाट, लघवीची नळी, दर दोन तासांनी कूस बदलणारी बायको किंवा आई, आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गाडी ठरवून साताऱ्याच्या चकरा. "मी सगळ्यांना भार झालोय" हे वाक्य तिथूनच येतं. घरचे "असं बोलू नये" म्हणून विषय बदलतात. बदलू नका. मरायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते मनात भरत नाहीत, बोलायला वाट मिळते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखाली लुळेपणा आला. त्यांनाही जगणं नकोसं झालं होतं. त्यांना पुन्हा उभारी दिली ती त्यांच्यासारख्याच अपंग असलेल्या बाबूकाका दिवाणांनी. पुढे नसीमा यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. असं जगून दाखवलेलं माणूस आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक खाटेशी पोचायला हवं.

तोवर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर घरात लावून ठेवा. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. यंदा ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. शाळेला, दवाखान्याला आणि खुद्द ग्रामपंचायतीला रॅम्प आहे का, हेही त्याच सभेत विचारा.

आपली,
टोरांटोची वार्ताहर