शर्यतमार्गासाठी टायरची निवड : आकारसंज्ञेचा अर्थविचार

टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘२४५/४० आर १८’ यासारखी जी अक्षरे उठवलेली असतात ती सामान्यतः त्या टायरचे माप म्हणून वाचली जातात. वस्तुतः ते माप नसून नाव आहे. नाव आणि वस्तू यांत अंतर असते ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला नवीन नाही. परंतु येथे त्या अंतराची किंमत मोजावी लागते. साध्या घरगुती मोटारीत ते अंतर पुष्कळदा खपून जाते. जिच्या चारही चाकांना इंजिनची शक्ती पोचते अशा, म्हणजे चतुश्चक्रचालित, क्रीडामोटारीत मात्र तसे होत नाही. अशी मोटार शर्यतमार्गावर नेताना ज्याने टायरचे नाव वाचले पण अर्थ वाचला नाही त्याच्या गिअरपेटीतील महाग भाग अकाली झिजतात. प्रस्तुत लेखात सुबारू कंपनीच्या ‘डब्ल्यूआरएक्स एसटीआय’ या मोटारीचे उदाहरण घेऊन या संज्ञेचा अर्थ उलगडला आहे. २०१५ च्या आवृत्तीपासून या मोटारीच्या चारही चाकांना २४५/४० आर १८ हेच टायर बसवलेले असत.

या संज्ञेत चार घटक आहेत. २४५ ही टायरची नाममात्र रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० हा आकडा मिलिमीटरचा नव्हे. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती आहे ते तो सांगतो. ‘आर’ हे अक्षर टायरच्या आतील धागे अरीय दिशेने, म्हणजे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, घातलेले असल्याची खूण आहे. अठरा हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच शब्दात मिलिमीटर, शतांश आणि इंच अशी तीन परिमाणे शेजारी शेजारी बसली आहेत, आणि त्यांपैकी एकाचाही उल्लेख शब्दात नाही. ज्याला क्रम ठाऊक आहे त्यालाच अर्थ कळतो.

जुनी नावे याहून आखूड होती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचा टायर ‘५.२०-१४’ या नावाने ओळखला जाई. त्यात रुंदी आणि रिमचा व्यास एवढेच, आणि दोन्ही इंचांत. उंचीचा उल्लेख नाही, कारण त्या काळच्या टायरांत उंची रुंदीच्या मानाने जवळजवळ ठरलेलीच असे. जे ठरलेले असते ते अध्याहृत राहते. पुढे बुटक्या भिंतींचे टायर निघाले आणि उंचीचा अंदाज रुंदीवरून करता येईना. तेव्हा तिच्यासाठी स्वतंत्र खूण घालणे भाग पडले. संज्ञेच्या शेवटी येणाऱ्या वेगचिन्हांतही अशीच जुनी बाब टिकून आहे. ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ‘टी’ १९०, ‘यू’ २००, आणि नंतर ‘व्ही’ येण्यापूर्वी मध्येच ‘एच’, म्हणजे २१०. एस, एच व व्ही हे वर्ग आधीचे, इतर अक्षरे मागाहून भरली गेली. रोजच्या वापरातली अनियमित क्रियापदे टिकतात तसे ‘एच’ आपल्या जागी टिकले.

निवडीच्या दृष्टीने खरा घोटाळा दुसऱ्या घटकात आहे. ४० या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही. प्रत्ययाप्रमाणे तो ज्या प्रकृतीला लागेल तिच्यावर त्याचे मूल्य ठरते. २४५ ला लागला की भिंतीची उंची ९८ मिलिमीटर होते, २५५ ला लागला की १०२. टायरच्या एकूण व्यासात ही उंची वर आणि खाली अशी दोनदा येते. रिमचे १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलिमीटर; तेव्हा २४५/४० आर १८ चा नाममात्र व्यास ६५३.२ आणि २५५/४० आर १८ चा ६६१.२ मिलिमीटर भरतो. वाचणाऱ्याला वाटते की फक्त रुंदी दहा मिलिमीटरने वाढवली. प्रत्यक्षात चाक आठ मिलिमीटरने मोठे झालेले असते.

ही गोष्ट केवळ गणिताची राहत नाही, याचे कारण शर्यतमार्गावरील एक नेहमीचा मोह. चतुश्चक्रचालित मोटारींपैकी बऱ्याच, आणि एसटीआय त्यांतलीच, वेगात वळण घेताना पुढच्या चाकांवर बाहेरच्या बाजूला घसरू पाहतात. पुढच्या टायरांना वळवण्याचे आणि ओढण्याचे असे दोन्ही काम एकाच वेळी करावे लागते. साहजिकच चालकाच्या मनात येते की पुढे तेवढे २५५ घालावेत, मागे २४५ राहू द्यावेत. मागची दोनच चाके चालवणाऱ्या मोटारीत पुढचे आणि मागचे टायर वेगळे असणे ही नित्याची गोष्ट आहे, म्हणून हा विचार निरुपद्रवी भासतो.

तो निरुपद्रवी का नाही हे कळण्यासाठी दोन धुरांच्या मध्ये काय बसवलेले असते ते पाहिले पाहिजे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात आणि म्हणून अधिक फेरे घेतात. दोन्ही धुरा एकाच दंडाला ताठ जोडल्या तर हा फरक टायर घासूनच भरून काढावा लागेल. ते टाळण्यासाठी मध्ये एक डिफरन्शियल असते. दोन्हीकडे शक्ती देऊनही ते त्यांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. एसटीआयमध्ये ते ग्रहचक्रांच्या रचनेचे असून शक्ती पुढे ४१ आणि मागे ५९ या प्रमाणात वाटते. परंतु एक धुरा घसरू लागली तर सगळी शक्ती तिकडेच वाहून जाऊ नये म्हणून या डिफरन्शियलला क्लचच्या तबकड्यांनी कमीअधिक आवळण्याचीही सोय आहे. थोडक्यात, फरक सोसणारी आणि फरक रोखणारी अशा दोन विरोधी यंत्रणा एकाच पेटीत बसवलेल्या आहेत. त्यांचे एकमेकींशी जमते ते फरक क्षणिक असतो म्हणून.

आता पुढे ६६१ आणि मागे ६५३ मिलिमीटरची चाके असलेली मोटार सरळ मार्गावरून ताशी २०० किलोमीटर वेगाने जात आहे अशी कल्पना करावी. अरीय टायर भाराखाली थोडा दबतो, म्हणून त्याचा प्रत्यक्ष फिरता परीघ व्यासाच्या सुमारे ३.०५ पट धरतात. लहान चाकाचा तो सुमारे १,९९२ मिलिमीटर येतो. म्हणजे किलोमीटरला ५०२ फेरे, आणि मोठ्या चाकाचे सहा कमी. या वेगाला दोन्ही धुरांच्या गतीत मिनिटाला सुमारे २० फेऱ्यांचा फरक पडतो, आणि धुरेवरील दंतचक्रांचे गुणोत्तर ३.९ धरल्यास मध्यदंडात तो ८० च्या आसपास जातो. वळण नसताना, घसरण नसताना, डिफरन्शियल अखंड काम करीत राहते; आवळलेले असेल तर तबकड्या एकमेकींवर घासून तापतात. शिवाय ब्रेकचे आणि स्थैर्याचे नियमन करणारे विद्युत्-यंत्र चाकांच्या गतीवरूनच घसरण ओळखते. त्याला मोठे चाक आणि घसरणारे चाक यांतला भेद सहज कळत नाही.

मग पुढे-मागे भिन्न नावे असूच नयेत काय? तसेही नाही. निस्सान कंपनीच्या जीटी-आर या २००७ साली आलेल्या चतुश्चक्रचालित मोटारीला पुढे २५५/४० आणि मागे २८५/३५ असे टायर होते, दोन्ही २० इंची रिमवर. नावे पाहता तीस मिलिमीटरचे अंतर दिसते. व्यास काढला तर पुढे ७१२ आणि मागे ७०७.५; फरक अवघा ०.६ टक्क्यांचा, आणि तोही कारखान्यातील यंत्ररचनेने हिशेबात धरलेला. उलट एसटीआयच्या २०१८ च्या आवृत्तीला २४५/३५ आर १९ हे टायर आले. नाव बदलले, रिम इंचाने वाढली, पण व्यास ६५४.१, म्हणजे पूर्वीपेक्षा एक मिलिमीटरही अधिक नाही. हे दोन्ही शब्द चाकाच्या परिघापुरते पर्यायशब्दच आहेत.

भिन्न नावांखाली समान अर्थ असू शकतो तसा समान नावाखाली भिन्न अर्थही असू शकतो, आणि निवड करणाऱ्याला खरा धोका या दुसऱ्या प्रकाराचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाची ३० वी नियमावली अरीय टायरच्या रुंदीला नाममात्र रुंदीपेक्षा चार टक्के अधिक होण्याची मुभा देते, आणि व्यासासाठी भिंतीच्या उंचीला ०.९७ ते १.०४ अशी सूट देते. या हिशेबाने २४५/४० आर १८ हे नाव धारण करणारा टायर सुमारे ६४७ पासून ६६१ मिलिमीटरपर्यंत कोणत्याही व्यासाचा असू शकतो. ही वरची मर्यादा २५५/४० च्या नाममात्र व्यासाशी जवळजवळ जुळते. म्हणून पुढे एका कारखान्याचे आणि मागे दुसऱ्याचे, नाव मात्र एकच, ही व्यवस्था पुढे २५५ घालण्याइतकीच वाईट ठरू शकते.

झिजेचेही तसेच आहे. टायरची नक्षी चार मिलिमीटर झिजली की व्यास आठ मिलिमीटरने घटतो. नवा आणि झिजलेला टायर यांत नेमके तेवढेच अंतर पडते जेवढे २५५/४० आणि २४५/४० यांत आहे. सुबारूच्या सूचनांत चारही टायरांच्या परिघांतील फरक पाव इंचाच्या आत असावा असे सांगितलेले आहे. पाव इंच परीघ म्हणजे दोन मिलिमीटर व्यास, म्हणजे नक्षीची एक मिलिमीटर झीज. नावावर विसंबून एवढी बारीक समानता साधणे शक्य नाही. टायर हवा भरून, उभा करून, मधोमध फीत गुंडाळून मोजावा लागतो. बैलगाडीच्या चाकावर बसवायच्या लोखंडी पट्ट्याला मराठीत ‘धाव’ म्हणतात; ती चढवणारा लोहार प्रथम चाकाचा परीघ घेतो आणि पट्टा त्याहून किंचित आखूड ठेवून तापवून बसवतो. त्या कारागिराला हे सांगावे लागले नसते.

एवढे पाहिल्यावर एसटीआयसाठी कोणता टायर घ्यावा या प्रश्नाचे उत्तर बरेच सोपे होते. चारही चाकांना एकच आकार, एकच कारखाना, एकच प्रकार, आणि शक्यतो एकाच वेळी खरेदी. राहता राहिला आकार. मूळच्या साडेआठ इंच रुंद रिमवर २४५/४० हाच टायर नीट बसतो. २५५/४० त्याच रिमवर चालतो, पण अरुंद रिमवर रुंद टायरची भिंत बाहेर फुगते आणि वळणात ती अधिक कलते. मूळ रिम ठेवायच्या असतील तर २४५/४० च ठेवून शर्यतमार्गाला योग्य असे मऊ, चिकट रबर निवडणे अधिक शहाणपणाचे. रबर बदलल्याने मिळणारी पकड दहा मिलिमीटर रुंदीने मिळणाऱ्या पकडीपेक्षा पुष्कळच अधिक असते. खरोखर रुंद टायर हवा असेल तर साडेनऊ इंची रिमवर २६५/३५ आर १८ घ्यावा. त्याचा व्यास ६४२.७ मिलिमीटर, म्हणजे मूळच्यापेक्षा १.६ टक्क्यांनी कमी. चारही चाके सारखीच लहान झाल्यामुळे मध्यदंडाला त्याचे काही वाटत नाही. प्रत्येक गिअर तेवढा आखूड होतो, मोटार पाच मिलिमीटर खाली बसते, आणि पूर्वी ताशी २०० दाखवणारा काटा आता १९७ ला २०० दाखवतो. सरळ मार्गाच्या टोकाला मात्र वरचा गिअर थोडा आधी घ्यावा लागेल, आणि काही मार्गांवर तेथेच एक गिअर बदलण्याचा वेळ खर्ची पडतो. रिमची मध्यरेषा आणि ती आवळली जाते तो पृष्ठभाग यांमधील अंतर चुकले तर तोच टायर आत स्प्रिंगला किंवा बाहेर मडगार्डला घासतो. २०१८ च्या आवृत्तीचे पुढचे ब्रेक मोठे आहेत. तिच्यावर काही १८ इंची रिम बसतात, काही बसत नाहीत. भारांकही पाहावा: ९३ म्हणजे टायरमागे ६५० किलोग्रॅम, ९७ म्हणजे ७३०.

चारही चाकांना एकच आकार ठेवण्याचा सर्वांत मोठा लाभ पहिल्या दिवशी दिसत नाही. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर उजवी वळणे अधिक असतात, भार डाव्या बाजूवर पडतो, आणि डावा पुढचा टायर सर्वांच्या आधी संपतो. जपानमधील सुझुका येथील मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्वतःलाच ओलांडून जातो, त्यामुळे तेथे दोन्ही बाजूंची झीज बरीचशी सारखी होते. पण असे मार्ग विरळा. इतरत्र सकाळी समान असलेले चार टायर संध्याकाळी समान राहत नाहीत. आकार एक असेल तर ते पुढून मागे फिरवून, आणि नक्षी एकाच दिशेने फिरण्यासाठी घडवलेली नसेल तर डावीकडून उजवीकडेही नेऊन, फरक एक मिलिमीटरच्या आत राखता येतो. जीटी-आरच्या मालकाला पुढून मागे नेण्याची सोय नाही.

आणि एखादा टायर मध्येच चिरला तर? तीन अर्धे झिजलेले आणि एक कोरा, अशी स्थिती येते. अमेरिकेत यावर एक उपाय रूढ आहे. नवा टायर यंत्रावर चढवून त्याची नक्षी पात्याने तासतात आणि उरलेल्या तिघांच्या परिघाइतका त्याला करतात. बाजूच्या भिंतीवरचे नाव तसेच राहते.