केबिन आणि स्लीपरमधील रबराकडे दुर्लक्ष नको

अमेरिकेत मालट्रकच्या चालकाला ११ तास वाहन चालविल्यानंतर सलग १० तास विश्रांती घ्यावी लागते. अनेक जण ती केबिनमागील स्लीपरमध्येच घेतात. जुन्या पद्धतीच्या कित्येक ट्रकमध्ये केबिन व स्लीपर हे स्वतंत्र सांगाडे असून, त्यांच्यामधील फट लवचिक रबराने बंद केलेली असते. ऊन आणि सततचे हादरे यांमुळे हे रबर कडक होऊन चिरते. मग पाणी व धूळ आत शिरतेच; पण खरा धोका धुरातील कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला वास नसल्याने झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही.

रबर बदलण्यापूर्वी केबिनखालील आधार तपासावेत. ते झिजले असल्यास नवे रबरही लवकर फाटते. जुने रबर काढल्यावर गंज व गोंद खरवडून पत्रा कोरडा करावा. नवे रबर वरच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना, न ताणता बसवावे आणि सांधा खाली घ्यावा. ताणलेले रबर पुढे आकसून कोपऱ्यांत सुटते. शेवटी बाहेरून पाण्याचा फवारा मारून आत ओल येते का, ते पाहावे. धूरनळी गळत असल्यास तीही दुरुस्त करावी. केवळ रबर बदलणे पुरेसे नाही.