स्वस्त पंप एअर रायफलची पारख आणि सुधारणा
अमेरिकेत 1966 साली बाजारात आलेली क्रॉसमन 760 ही 4.5 मिलिमीटर व्यासाच्या नळीची एअर रायफल नळीखालचा दांडा 3 ते 10 वेळा दाबून हवेने भरली जाते. पंप वाढवले की छर्‍याचा वेग वाढतो, परंतु प्रत्येक पुढच्या पंपागणिक त्यातील भर कमी होत जाते, हे वेग मोजणार्‍या क्रोनोग्राफवर स्पष्ट दिसते. वेगाचा आकडा मात्र खोक्यावरच शोभतो. खरी पारख एकाच बिंदूवर रोखलेले छरे कागदावर किती दाटीने पडतात यावरून करावी. आजच्या 760ची नळी आतून गुळगुळीत असते, तर डेझी 880 या अशाच पंप एअर रायफलच्या नळीत छर्‍याला फिरकी देणार्‍या सर्पिल खाचा असल्याने शिशाच्या छर्‍यांबाबत तिचा वरचष्मा राहतो.

सुधारणेची सुरुवात महागड्या दुर्बिणीपासून नव्हे, तर तेलापासून व्हावी : दट्ट्याच्या टोकावरील हवाबंद वाटीमागच्या फेल्टच्या कड्यावर एअरगनसाठीच बनवलेल्या तेलाचे काही थेंब सोडले, तर कोरडेपणामुळे होणारी हवेची गळती पुष्कळदा थांबते. त्यानंतर निरनिराळ्या वजनांचे छरे तपासताना पंपांची संख्या कायम ठेवावी, कारण ती बदलताच नेमही वरखाली सरकतो आणि दोष छर्‍याचा की पंपांचा, हे कळेनासे होते.