मोबाइलची बॅटरी : आकडा बघा, हिशेब ठेवा



गॅसचा सिलिंडर किती उरलाय हे आपण हलवून बघतो. डब्यातलं पीठ संपत आलं की दळणाची तयारी करतो. पण रोज हातात असणाऱ्या मोबाइलकडे मात्र तो बंद पडल्यावरच लक्ष जातं. मग म्हणतो, ‘अगं, आत्ता तर होती की चार्जिंग!’ म्हणून आज बॅटरीबद्दल बोलू या. ती किती उरली हे आकड्यात कसं बघायचं, कुठे खर्च होते हे कसं ओळखायचं, आणि उरलेली कशी पुरवायची.

पूर्वी फोन फक्त बोलण्यापुरता होता. आता बँकेचा ओटीपी, आधारची ई-केवायसी, गटाच्या हप्त्याचा मेसेज, मुलांचा अभ्यास, सगळं त्यातच आलं. ओटीपी काही मिनिटंच चालतो. तेवढ्यात फोन बंद पडला तर रांगेतला नंबरही जातो आणि दिवसाची मजुरीही. रात्री कुणा बाईला कळा सुरू झाल्या, तर १०८ ला फोन लावायचा तोही यावरूनच. आणि पावसाळ्यात लाइट एकदा गेली की कधी येईल याचा नेम नसतो.

तर पहिलं काम, आकडा दिसू द्या. फोनच्या वरच्या कडेला बॅटरीचं छोटं चित्र असतं. ते अर्धं भरलेलं दिसलं तरी आत ६० टक्के आहे की ४०, ते नक्की कळत नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये जा, ‘बॅटरी’ उघडा आणि ‘बॅटरीची टक्केवारी’ किंवा ‘बॅटरी पर्सेंटेज’ लिहिलंय तिथलं बटण चालू करा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये जागा थोडी वेगळी असते. सापडलं नाही तर सेटिंगमध्ये वर भिंगाचं चित्र असतं, तिथे ‘बॅटरी’ असं लिहून शोधा. बऱ्याच फोनमध्ये वरून खाली बोट ओढलं तरी आकडा दिसतो.

दुसरं काम हिशेबाचं. गटाची वही लिहिणाऱ्या बायकांना हे काय अवघड! समजा सकाळी ८ वाजता ९० टक्के होती आणि दुपारी १ वाजता ६५ राहिली. म्हणजे ५ तासांत २५ टक्के गेली, तासाला ५. आता ६५ मधली २० टक्के अडीअडचणीला राखून ठेवा. उरली ४५. याच गतीने वापरली तर ९ तास, म्हणजे रात्री १० पर्यंत पुरेल. हा अंदाजच आहे, पण दोन-तीन दिवस लिहून बघा, आपल्या फोनची चाल कळते.

रात्रीचाही आकडा बघा. झोपताना ७० होती आणि सकाळी ६५ झाली तर ठीक. ४५ वर आली, तर आपण झोपलो तरी फोनमध्ये काहीतरी जागं होतं.

ते काय, हे शोधणं तिसरं काम. सेटिंगमध्ये बॅटरीखाली ‘बॅटरी वापर’ असतं. तिथे कोणत्या ॲपनं किती बॅटरी खाल्ली याची यादी मिळते. सगळ्यात वरचं नाव बघा. बहुतेक वेळा व्हिडिओचं ॲप किंवा गेम निघतो. स्क्रीनचा उजेड, हॉटस्पॉट आणि लोकेशन हेही बॅटरी खातात. रेंज कमी असेल तिथे फोनला टॉवर धरून ठेवायला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून शेतात नुसता पिशवीत ठेवलेला फोनही लवकर उतरतो.

बॅटरी २० टक्क्यांवर आली की ‘बॅटरी सेव्हर’ चालू करा. ते आपोआप सुरू होईल अशीही सोय बऱ्याच फोनमध्ये असते. त्यात मागे गुपचूप चालणारी कामं कमी होतात. व्हॉट्सॲपचे मेसेज कदाचित उशिरा येतील, पण साधा फोन आणि ओटीपीचा मेसेज येतच राहतो.

आता एक सावधगिरी. टक्केवारी हा फोननं बांधलेला अंदाज असतो. बॅटरी जुनी झाली की तो चुकतो. २० टक्के दाखवत असतानाच फोन अचानक बंद होतो. असा फोन असेल तर ३० टक्के हीच आपली शेवटची पायरी समजा.

बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, असं अजून पुष्कळजण सांगतात. ते जुन्या प्रकारच्या बॅटरीचं. आताच्या फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिला रोज शून्यावर नेणं मानवत नाही. जमेल तेव्हा २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये ठेवली तर ती जास्त टिकते. आणि तिचा खरा वैरी म्हणजे उष्णता. फोन चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नका, उशीखाली ठेवून चार्ज करू नका. फोनची पाठ फुगलेली दिसली तर वापरणं थांबवा. ती दाबू नका, टोचू नका, दुकानात दाखवा.

शेवटी घरातली गोष्ट. पुष्कळ घरांत फोन एकच असतो. मुलं व्हिडिओ बघतात, घरधनी बातम्या बघतात, आणि बाईच्या हाती येतो तेव्हा ८ टक्के उरलेली असते. त्यावर भांडण नको, नियम करा. आकडा ३० च्या खाली गेला की व्हिडिओ बंद, फोन चार्जिंगला. आकडा वर दिसत असला की वाद घालायला जागाच राहत नाही.

येत्या बैठकीत बचत जमा झाली की पाच मिनिटं काढा. ज्यांना जमतं त्यांनी शेजारणीच्या फोनवर टक्केवारी चालू करून द्यावी. बँकेचं काम असेल त्या दिवशी ५० टक्क्यांच्या वर बॅटरी असल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही, एवढं ठरवून टाका.